मेंढरांसाठी माणसे हाकलली, त्या गावी

लंडनला जाऊन बाबासाहेबांच्या किंग हेन्रीज रोडवरील घरापुढे हात जोडायचे, एवढीच माझी इच्छा होती. पै-पै साठवून गेल्या जूनमध्ये ती पुरी झाली. १९२१-२२ साली बाबासाहेब ज्या घरात राहून अभ्यास करीत होते, त्या घराच्या पायरीशी उभी राहिले तेव्हा डोळ्यांना धार लागली. त्याविषयी आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचले आहे. म्हणून आज मी लिहिणार आहे ते दुसऱ्याच एका गावाविषयी. माझी भाची स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेस येथे परिचारिका आहे. ती म्हणाली, "मावशी, लंडन सगळेच पाहतात. चार दिवस माझ्याकडे ये. तुला एक गाव दाखवते. तुला ते आपले वाटेल."

इन्व्हर्नेसहून उत्तरेला जाणारी आगगाडी अवघ्या दोन डब्यांची. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर. गोल्स्पी नावाचे स्टेशन जवळ आले तशी भाचीने डोंगराकडे बोट केले. माथ्यावर एक भला मोठा पुतळा उभा होता. मी विचारले, "कोण गं हा? कोणी थोर पुरुष?" ती म्हणाली, "सदरलंडचा पहिला ड्यूक. इथला सगळ्यात मोठा जमीनदार. त्याच्या बायकोच्या वतनात शेकडो खेडी होती. ती त्यांनी उठवली आणि तिथे मेंढ्या सोडल्या. आता पुढच्या गावी चल, म्हणजे उठवलेली माणसे कुठे गेली ते कळेल."

ते पुढचे गाव म्हणजे हेल्म्सडेल. सुमारे अडीच तासांच्या प्रवासानंतर आम्ही तिथे उतरलो. वस्ती हजाराच्या आतली. एक नदी डोंगरातून येऊन इथे समुद्राला मिळते. तिच्यावर दगडी पूल, मुखाशी छोटे बंदर, बंदरात खेकडे आणि शेवंडे पकडणाऱ्या मोजक्या होड्या. दगडी घरांच्या सरळ रांगा, एक शाळा, दोन-चार दुकाने, तळलेली मासळी आणि बटाट्याच्या फोडी विकणारे एक ठिकाण. दुकानातल्या बाई गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतात, म्हाताऱ्याची पिशवी दारापर्यंत नेऊन देतात. जून महिना असल्याने रात्री दहा वाजून गेले तरी उजेड होता. वारा मात्र असा की डोक्यावरचा पदर जागेवर राहील तर शपथ. समुद्रात खूप दूरवर पवनचक्क्यांची रांग दिसत होती. जुने आणि नवे जग एकाच नजरेत मावत होते.

गाव इतके आखीव की मला नवल वाटले. आपल्याकडे गावे वाढत जातात, बोळ निघत जातात. हे गाव कागदावर आखून वसवलेले. ते का आखावे लागले, हा खरा इतिहास आहे.

नदीच्या काठाने आत गेले की किल्डोननचे लांबलचक खोरे लागते. दोनशे वर्षांपूर्वी तिथे लहान लहान वाड्या होत्या. माणसे गेलिक भाषा बोलत, काळी गुरे पाळीत, सातू-ओट पिकवीत. जमीन पिढ्यान्पिढ्या कसलेली, पण कागदावर जमीनदाराची. त्या काळी लोकरीला मोठा भाव आला. जमीनदाराच्या कारभाऱ्यांनी हिशेब मांडला की शंभर कुळांच्या खंडापेक्षा एका मेंढीवाल्याचा खंड जास्त येतो. झाले! १८१३ साली आणि पुन्हा १८१९ साली किल्डोननची कुळे उठवली गेली. लोक परत येऊ नयेत म्हणून घरांचे वासे जाळले. त्या उजाड मुलखात लाकूड मिळणे मुश्कील. वासे गेले म्हणजे घर कायमचे गेले. या परगण्यात १८११ साली १,५७४ माणसे होती. १८३१ साली उरली २५७.

मी कारकून बाई. आकडे लिहिण्यात आयुष्य गेले. पण हे दोन आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा हात थांबला. या वजाबाकीला कारभारी काय म्हणत होते ठाऊक आहे? 'सुधारणा.' माणसे मागासलेली आहेत, त्यांना किनाऱ्यावर नेऊन उद्योगाला लावतो, बंदर बांधून देतो, असे ते सांगत. बंदर त्यांनी बांधलेही. पण ज्यांची सुधारणा करायची त्यांना कोणी विचारले नाही. आपल्या वस्त्या उठवायला येणाऱ्यांच्या तोंडीही असाच एखादा गोड शब्द असतो, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

लोक गप्प बसले असे नाही. १८१३ साली किल्डोननच्या लोकांनी जमीन पाहायला आलेल्या मेंढीवाल्यांना पिटाळून लावले. तेव्हा सैन्य बोलावले गेले. या लोकांचीच मुले त्या वेळी सरकारच्या ९३व्या पलटणीत होती. मुलगा पलटणीत गेला तर बापाची जमीन राहील, असा शब्द मिळाला होता, असे लोक सांगत. हीच पलटण पुढे १८५७ साली लखनौला लढली. मुलगा साहेबासाठी रक्त सांडतो आणि घरी बापाचे छप्पर जळते. महार पलटणींनी कंपनी सरकारसाठी लढाया मारल्या आणि पुढे त्यांचीच भरती बंद झाली, हे मला त्या वेळी आठवल्यावाचून राहिले नाही.

न्यायाचे काय झाले? शेजारच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ साली घरे रिकामी करताना एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या घराला आग लावली आणि त्यातून तिचा मृत्यू ओढवला, असा आरोप पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर आला. १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला चालला. पंचांत बहुतेक जमीनवाले. सेलर निर्दोष सुटला. आणि मौज पाहा, रिकाम्या झालेल्या जमिनीत मेंढ्या पाळण्याचा पट्टा होता खुद्द त्याच्याच नावावर!

आणि धर्म? गावोगावचे बहुतेक पाद्री जमीनदाराने नेमलेले. त्यांनी लोकांना सांगितले, हे तुमच्या पापाचे फळ आहे, निमूटपणे सोसा. हे ऐकताच मी भाचीकडे पाहिले, तिने माझ्याकडे. आपल्याला सांगितले गेले पूर्वजन्मीचे पाप, त्यांना या जन्मीचे, एवढाच फरक! पण १८४३ साली तिथल्या लोकांनी एक गोष्ट केली. जमीनदाराने नेमलेल्या पाद्र्यांचे चर्च सोडून ते मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी आपले स्वतंत्र चर्च काढले. ड्यूकने सुरुवातीला त्यांना देवळासाठी जागाही नाकारली. देव तोच, ग्रंथ तोच, त्यामुळे त्याला धर्मांतर म्हणता येणार नाही. तरी मालकाच्या मांडवाखालून उठून जाण्याची ती हिंमत होती, आणि उठून जाणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरात १९५६ साल घडले त्यांना पुरते कळते.

उठवलेल्या माणसांना किनाऱ्यावर जमिनीचे तुकडे दिले. त्याला तिथे क्रॉफ्ट म्हणतात. तुकडा मुद्दामच एवढा लहान की त्यावर पोट भरू नये आणि माणसाने समुद्रावर जावे. ज्यांनी जन्मात होडी वल्हवली नव्हती ते मासेमार झाले. मासळी हेरिंगची. हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. काहींना तर धड किनाराही मिळाला नाही. हेल्म्सडेलच्या उत्तरेला, समुद्रावरच्या कड्याच्या कपाळावर बॅडबे नावाची वस्ती होती. आजूबाजूच्या खोऱ्यांतून दुसऱ्या जमीनदारांनी हाकललेली कुटुंबे तिथे राहत. भाचीच्या मैत्रिणीने आम्हाला गाडीने रस्त्यापर्यंत नेले, तिथून पायवाट. गवतात पडक्या भिंती उभ्या आहेत. असे सांगतात की वाऱ्याने कड्यावरून खाली जाऊ नयेत म्हणून तिथे गुरे-कोंबड्यांबरोबर लेकरांनाही दोरीने बांधून ठेवावे लागे. शेवटचा रहिवासी १९११ साली गेला. त्याच साली, इथून न्यूझीलंडला गेलेल्या एका माणसाच्या मुलाने तिथे दगडी स्मारक उभारले. त्या भिंतींना टेकून आम्ही डबा खाल्ला, पण घास नीट उतरला नाही.

हेल्म्सडेलला टाइमस्पॅन नावाचे संग्रहालय आहे. ते तिथल्या लोकांनीच उभे केलेले. तिथे मला सर्वांत जास्त वेळ धरून ठेवले ते बायकांच्या कामाने. हेरिंग आली की ती ताबडतोब चिरून, खारवून लाकडी पिंपांत भरावी लागे. हे काम मुलींचे. तिघींची टोळी, दोघी चिरणार, तिसरी पिंपात थर लावणार. हंगामाआधी व्यापारी विसार देऊन मुलगी बांधून घेई. मग पेटी घेऊन ती उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून इंग्लंडच्या यारमथ बंदरापर्यंत माशाच्या मागे फिरे. बोटांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या, कारण सुरी आखूड आणि धारदार. जखमेत मीठ गेले की काय होते ते मिरच्या कांडणाऱ्या हातांना विचारा. मजुरी पिंपामागे आणि ती तिघींत वाटून. काम नसेल तेव्हा हातात विणकाम. पण याच मुलींनी १९३६ साली यारमथला मजुरी वाढवून मागण्यासाठी संप केला. ज्यांचे हात कामात इतके गुंतलेले, त्यांनी ते हात एकदम थांबवले तर बंदर थांबते, हे त्यांनी दाखवले.

आता एक गोष्ट सांगते, जी ऐकून मी चमकले. नॅन्सी डोरियन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९६३ पासून जवळच्या ब्रोरा, गोल्स्पी आणि एम्बो या गावांतल्या कोळी लोकांच्या गेलिक भाषेचा अभ्यास केला. त्यांना आढळले की या मासेमारांची वस्ती गावात वेगळी. लग्ने त्यांच्यातल्या त्यांच्यात. इतर गावकरी त्यांना कमी लेखीत. बाकीच्यांनी गेलिक सोडून इंग्रजी धरली, तेव्हा गेलिक बोलणे हीच कोळ्याची खूण ठरली आणि पोरांना तिची लाज वाटू लागली. गोऱ्यांच्या देशात, एकाच रंगाच्या, एकाच धर्माच्या माणसांत ही वेगळी वस्ती!

भाची म्हणाली, "मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय, मावशी?" मी तिला म्हटले, फरक आहे आणि तो विसरू नकोस. हाकललेले लोक किनाऱ्यावर आले, मासेमार झाले, म्हणून हा कमीपणा आला. पुढे मासळीचा धंदा बसला, मुले शिकून दुसऱ्या कामाला लागली, बाहेर लग्ने झाली आणि तो कमीपणा विरून गेला. कारण त्याच्या पाठीशी कोणताही धर्मग्रंथ नव्हता. आपल्याकडे माणसाने धंदा बदलला, गाव बदलले, देश बदलला तरी आडनावावरून चौकशी सुरू होते. जातीचे मूळ शास्त्रांच्या प्रामाण्यात आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले, त्याचा अर्थ मला त्या परक्या बंदरावर नव्याने उमगला. पण जे लाजेने भाषा सोडते त्याचे काय हरवते, तेही तिथेच दिसले. आज त्या कोळ्यांची भाषा मुख्यतः पुस्तकात आणि ध्वनिफितीत आहे.

गावाबाहेरच्या टेकडीवर आणखी एक पुतळा आहे. तो जमीनदाराचा नाही. २००७ साली स्कॉटलंडचे त्या वेळचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी त्याचे अनावरण केले. एक शेतकरी कुटुंब आहे. बाप समुद्राकडे पाहतो, मुलगा बापाच्या तोंडाकडे, आणि आई तान्हे लेकरू कवटाळून मागे वळून खोऱ्याकडे पाहते. आई मागेच पाहणार. चूल तिथे राहिली.

असाच पुतळा कॅनडात विनिपेग शहरात आहे, कारण किल्डोननची सुमारे शंभर माणसे १८१३ साली जहाजाने तिकडे निघाली. जहाजावर तापाची साथ आली, काही वाटेतच गेली. उरलेल्यांनी भयंकर हिवाळा काढला आणि बर्फातून चालत पुढची वाट धरली. त्यांच्या वस्तीतून पुढे ते शहर वाढले. पण ती जमीन तरी मोकळी होती काय? तिथे मूळचे आदिवासी राहत होते आणि पुढे गोऱ्यांच्या वसाहतींनी त्यांना मागे रेटले. उजाडलेला माणूस नकळत दुसऱ्याला उजाडण्याच्या कामी येतो. हे कडू आहे, पण लपवून चालणार नाही. आपल्यातला जो चार पायऱ्या वर चढतो, त्याने खाली पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग हे लोक हरले काय? नाही. गोष्टीचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. स्ट्रॅथनेव्हरचा डोनाल्ड मॅक्लिऑड नावाचा एक पाथरवट होता. १८१९ साली जळणारी घरे त्याने डोळ्यांनी पाहिली होती. त्याने ते सारे वर्तमानपत्रात पत्रे लिहून मांडले. पुढे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो बाई या ड्यूक घराण्याच्या पाहुण्या झाल्या आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी या घराण्याच्या 'सुधारणे'ची भलामण केली. काळ्या गुलामांसाठी रडलेली लेखणी यजमानाच्या घरी चुकली! तेव्हा कॅनडात जाऊन राहिलेल्या त्या पाथरवटाने तिला पुस्तकानेच उत्तर दिले. दगड घडवणारा हात लेखणी धरतो तेव्हा काय होते, हे त्याने दाखवले.

पुढच्या पिढीत, १८८३ साली, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला सरकारने लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हा आयोग गावोगाव फिरला. कुळे, कोळी, म्हातारे त्याच्यापुढे उभे राहिले आणि आजोबांपासून ऐकलेले बोलले. त्या साक्षी ग्रंथात छापल्या गेल्या, त्या आजही वाचता येतात. साक्षीदारांत अँगस सदरलंड नावाचा तरुण शिक्षक होता. जन्म हेल्म्सडेलचा, पूर्वज किल्डोननमधून हाकललेले. १८८४ च्या कायद्याने गरीब कुळांना मताचा अधिकार मिळाला. १८८५ च्या निवडणुकीत अँगस उभा राहिला, समोर ड्यूकचा मुलगा, आणि अँगस पडला. पण १८८६ साली तोच सदरलंडमधून पार्लमेंटवर निवडून गेला. ज्यांचे वासे जाळले त्यांचा नातू त्याच मुलखाचा प्रतिनिधी! त्याच वर्षी क्रॉफ्टर कायदा झाला. कुळाला मनमानीने हाकलायचे नाही, खंड वाजवी असावा, जमीन वारसाला मिळावी. गेलेली खोरी मात्र त्या कायद्याने परत दिली नाहीत. २०१६ साली हेल्म्सडेलच्या आसपासच्या वाड्यांतील लोकांनी एकत्र येऊन सदरलंड इस्टेटकडून सुमारे ३,००० एकर जमीन सामुदायिक मालकीसाठी विकत घेतली. आजोबांची जमीन नातवंडांना पैसे मोजून घ्यावी लागली, पण घेतली.

बंधु-भगिनींनो, आयोगापुढे आपल्या तोंडाने साक्ष देण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेब उभे राहिले ते याचसाठी. दुसऱ्याने आपल्यासाठी बोलायचे नाही, आपण बोलायचे. हेल्म्सडेलच्या माणसांनी तेच केले. ते शिकले, एकत्र आले, मत वापरले. ड्यूकचा पुतळा अजून डोंगरावर आहे. पण संग्रहालय, साक्षी आणि टेकडीवरची ती आई गावाची आहेत.

निघताना भाची म्हणाली, "मावशी, इथे साध्या कोळणीची सुरीसुद्धा काचेत जपून ठेवली आहे. आपल्या आजीचे काय जपले आपण?" मला उत्तर देता आले नाही. आमची आई चौदा ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेली होती, काखेत माझा थोरला भाऊ. काय नेसली होती, काय खाल्ले, कोणाबरोबर चालली, हे मी कधी विचारले नाही. आता ती नाही.

म्हणून परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने एक काम हाती घेतले आहे. दर रविवारी वंदनेनंतर दोन मुली वही घेऊन एका वृद्ध उपासिकेच्या घरी जातात. मूळ गाव कोणते, ते का सोडले, पाणी कुठून भरीत, दीक्षा कधी घेतली, पहिली मुलगी शाळेत कोणी घातली, हे विचारतात आणि तिच्याच शब्दांत लिहितात. आतापर्यंत सात वह्या झाल्या. एका आजींना लिहून घेतले आणि पंधराव्या दिवशी त्या गेल्या. तुमच्याही घरात अशी एक आजी असेल. येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. वही दहा-वीस रुपयांत मिळते.

जयभीम! नमो बुद्धाय!